घोड्याच्या झुलीपासून बंदुकीच्या स्किनपर्यंत : फुकट गेमचा खर्च भागवतं कोण?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात सातवी ते बारावीतलं पोरगं असेल आणि त्याच्या हातात मोबाईल असेल, तर वेळ काढून वाचा.

पालकांकडून एक तक्रार वारंवार कानावर येते. "गेम फुकट आहे म्हणतो, मग खात्यातून हे नव्वद-नव्वद रुपये कशाचे जातात?" पोराला विचारलं तर उत्तर मिळतं, "स्किन घेतली." बापाला वाटतं जुगार लागला, आईला वाटतं कुणीतरी फसवलं. चुलता म्हणतो गेमवर बंदीच आणा. तिघांनाही नक्की काय विकत घेतलं ते माहीत नसतं. म्हणून आज राजकारण बाजूला ठेवून या स्किनचा इतिहास मांडतोय. पंचवीस वर्षांचाच इतिहास आहे, पण आपल्या खिशाशी थेट संबंध असलेला आहे.

आधी स्किन म्हणजे काय ते बघू. पोळ्याला आपण बैलाला झूल घालतो, शिंगांना हिंगूळ लावतो, बेगड चिकटवतो, गोंडे बांधतो. त्यानं बैलाची ताकद वाढत नाही. दुसऱ्या दिवशी नांगराला तेवढाच ओढतो. पण वेशीतून मिरवणूक निघाली की कुणाची जोडी उठून दिसली याची चर्चा आठवडाभर चालते. गेममधली स्किन म्हणजे हीच झूल. बंदुकीला सोनेरी रंग, खेळाडूच्या अंगात वेगळा कोट, जिंकल्यावर करायचा एखादा नाच. गोळी तेवढीच लागते, नेम तेवढाच बसतो. फक्त सोबतच्या पोरांना ते दिसतं. आणि दिसतं म्हणूनच विकलं जातं. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये झूल बघणार कोण?

*खर्च कुठून येतो*

पूर्वी गेम म्हणजे सीडी. एकदा विकत घेतली (आपल्याकडे बहुतेक वेळा कॉपीच असायची) की विषय संपला. नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर स्ट्राईक खेळलेली पिढी आता चाळिशीकडे आली. त्या काळी चार-सहा कॉम्प्युटर एका वायरीने जोडले की खेळ सुरू व्हायचा.

पण सुप्यातला पोरगा, श्रीगोंद्यातला त्याचा मावसभाऊ आणि दिल्लीतला कुणी अनोळखी असे शंभर जण एकाच मैदानात एकाच क्षणी खेळणार असतील, तर मधे सर्व्हर लागतो. तो चोवीस तास चालू ठेवावा लागतो. फसवून खेळणाऱ्यांना पकडणारी यंत्रणा लागते. दर दोन-तीन महिन्यांनी नवं काही दिलं नाही तर खेळणारे कंटाळून जातात. म्हणजे असा गेम एकदा बनवून भागत नाही, तो रोज सांभाळावा लागतो. जनावरासारखंच आहे. दूध देवो न देवो, वैरण रोजची.

ही वैरण कुणी घालायची, या प्रश्नाभोवतीच हा सगळा इतिहास फिरतो.

अमेरिकेत पहिलं उत्तर निघालं मासिक वर्गणीचं. 1997 चा अल्टिमा ऑनलाईन, 1999 चा एव्हरक्वेस्ट, 2004 चा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हे सगळे महिन्याला पैसे घेणारे गेम. वॉरक्राफ्टची वर्गणी महिन्याला सुमारे 15 डॉलर होती. खेळणारे सगळे सारखे पैसे भरत. हिशेब सोपा, पण ज्याच्याकडे पैसे नाहीत तो दाराबाहेर.

दुसरं उत्तर आलं दक्षिण कोरियातून. तिथे गल्लोगल्ली नेट कॅफे होते आणि पायरसी एवढी की सीडी विकून कुणाचं पोट भरणं अवघड होतं. नेक्सॉन नावाच्या कंपनीचा क्विझक्विझ हा प्रश्नमंजुषेचा ऑनलाईन गेम होता. वर्गणीवर तो चालेना, तेव्हा 2001 मध्ये खेळणं फुकट केलं आणि आतल्या वस्तू विकायला काढल्या. याच कंपनीच्या 2003 च्या मेपलस्टोरीने हा धंदा पक्का केला. गेमची कॉपी करून काही उपयोग नव्हता, कारण तुमची टोपी तुमच्या कॉम्प्युटरवर नव्हतीच. ती होती कंपनीच्या सर्व्हरवर. पायरसीला कंटाळलेल्या धंद्याला पायरसी न होणारी वस्तू सापडली.

*अडीच डॉलरची झूल*

एप्रिल 2006. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने ऑब्लिव्हियन या आपल्या गेमसाठी घोड्याचं चिलखत विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर, तेव्हाचे साधारण 110 रुपये. गेम एकट्यानं खेळायचा, त्याचे पूर्ण पैसे लोकांनी आधीच मोजलेले. वर घोड्याच्या झुलीचे वेगळे पैसे! जगभरातल्या खेळाडूंनी कंपनीला धुऊन काढलं. 'हॉर्स आर्मर' हा शब्द त्यांच्यात चेष्टेचा झाला. 2009 च्या एक एप्रिलला खुद्द कंपनीनेच थट्टा केली, बाकी सगळ्या वस्तूंचे भाव निम्मे केले आणि चिलखताचा दुप्पट.

पण शिव्या देणारे शिव्या देत होते आणि घेणारे घेत होते. एप्रिल 2025 मध्ये याच गेमची नवी आवृत्ती आली, तेव्हा महागड्या संचात घोड्याचं नवं चिलखत होतंच. एकोणीस वर्षांत चेष्टेची जागा सवयीने घेतली.

*टोप्यांचा कारखाना*

या धंद्याला खरं वळण लागलं ते व्हॉल्व्ह कंपनीच्या टीम फोर्ट्रेस 2 मध्ये. हा ऑक्टोबर 2007 चा गेम, दोन गटांत मारामारी. मे 2009 मध्ये त्यात टोप्या आल्या. सुरुवातीला त्या खेळता खेळता नशिबाने मिळायच्या. 30 सप्टेंबर 2010 रोजी गेममध्ये दुकानच उघडलं. नऊ महिन्यांनी, जून 2011 मध्ये, कंपनीने गेम कायमचा फुकट करून टाकला. म्हणजे गेमचं तिकीट रद्द, टोप्यांवर घर चालवायचं. अठरा वर्षं उलटून गेली, तो गेम आजही लोक खेळतात. तिकिटावर चालणारे त्याच्या वयाचे कितीतरी गेम केव्हाच बंद पडले.

इथली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टोप्या फक्त कंपनी बनवत नव्हती. खेळणारी पोरं डिझाईन करून पाठवायची. आवडलं तर दुकानात लागायचं आणि विक्रीतला 25 टक्के वाटा बनवणाऱ्याला मिळायचा. दुकान उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत अशा पाच जणांना प्रत्येकी 39 ते 47 हजार डॉलर मिळाले. त्या वेळच्या हिशेबाने सतरा ते एकवीस लाख रुपये! या टोप्यांची देवाणघेवाण इतकी वाढली की 2012 मध्ये कंपनीने त्याचा अभ्यास करायला एक अर्थशास्त्रज्ञ नेमला. यानिस वारुफाकिस त्यांचं नाव. हेच गृहस्थ जानेवारी 2015 मध्ये ग्रीसचे अर्थमंत्री झाले. टोप्यांचा बाजार सांभाळून कर्जात बुडालेला देश सांभाळायला गेले.

ऑक्टोबर 2009 मध्ये आलेला लीग ऑफ लेजंड्स तर पहिल्या दिवसापासून फुकट होता. पुढे 2013 मध्ये डोटा 2 ने एक पुस्तिका विकली आणि तिच्या किमतीतला चौथा हिस्सा थेट स्पर्धेच्या बक्षिसात घातला. खेळाडूंनी झुली घेतल्या आणि बक्षीस फुगत गेलं. 2021 मध्ये ते 4 कोटी डॉलरवर, म्हणजे साधारण 300 कोटी रुपयांवर पोचलं.

आपल्याला यात नवीन काही वाटायचं कारण नाही. आपल्याकडचा जत्रेतला हगामा आठवा. गावाची लोकवर्गणी, वर हौशी लोकांच्या कुस्त्या लावायच्या रकमा, आणि फड मात्र सगळ्यांना फुकट. तमाशातही तेच. हजारभर माणूस फुकट बघतं, चार हौशी दौलतजादा करतात आणि माईकवरून त्यांचं नाव पुकारलं जातं. त्या चौघांना नाव मिळतं, बाकीच्यांना खेळ मिळतो. फुकट गेमचं गणित हेच आहे. शंभरातले मोजकेच पैसे टाकतात, त्यावर बाकीचे खेळतात.

माझं स्पष्ट मत असं की मुळात ही पद्धत वाईट नाही. शेतमजुराचा पोरगा आणि कारखानदाराचा पोरगा एकाच मैदानात एकाच ताकदीच्या बंदुकीने खेळतात, असं गावात दुसरं मैदान दाखवा. अट एकच. पैशाने फक्त रूप विकत मिळावं, ताकद नाही.

*पाणी कुठे मुरलं*

दौलतजादा करणारा माणूस मोठा असतो, नोट त्याच्या खिशातली असते आणि किती उधळली ते त्याला दिसत असतं. गेमवाल्यांनी हळूहळू या तिन्ही गोष्टींना सुरुंग लावला.

पहिली चलाखी नाण्यांची. रुपये थेट घेत नाहीत. आधी यूसी घ्या, डायमंड घ्या, व्ही-बक्स घ्या. वस्तूची किंमत त्या नाण्यांत. शिवाय पॅक असे की वस्तू घेतल्यावर थोडी नाणी उरतातच, आणि उरलेली संपवायला पुन्हा थोडी घ्यावी लागतात. पोराला 'तीनशे यूसी' दिसतं, तीनशे यूसीमागचे रुपये दिसत नाहीत.

दुसरी चलाखी पेटीची. वस्तू थेट विकायचीच नाही. बंद पेटी विकायची, आत काय निघेल ते नशीब. टीम फोर्ट्रेसमध्ये पेटी फुकट मिळायची आणि किल्ली अडीच डॉलरला. ऑगस्ट 2013 मध्ये काउंटर स्ट्राईकमध्ये बंदुकीच्या स्किन आल्या, त्याही पेटीतून. काही स्किनला बाहेर हजारो डॉलरचा भाव आला आणि त्या स्किन पणाला लावून जुगार खेळवणाऱ्या वेबसाईट उभ्या राहिल्या. जुलै 2016 मध्ये व्हॉल्व्हला अशा 23 साईटना नोटिसा पाठवाव्या लागल्या. नोव्हेंबर 2017 मध्ये स्टार वॉर्सच्या एका गेममध्ये पेटीतून थेट ताकदच विकायला काढली, तेव्हा जगभर बोंब झाली. एप्रिल 2018 मध्ये बेल्जियमने पैसे घेऊन उघडायच्या पेट्या म्हणजे जुगारच, असं जाहीर करून टाकलं. जत्रेत चक्री फिरवणाऱ्याला आपल्याकडे पोलीस हुसकावतात ना, तसंच.

तिसरी चलाखी घड्याळाची. 'फक्त 23 तास शिल्लक', 'हा सीझन संपला की परत मिळणार नाही'. डिसेंबर 2017 पासून फोर्टनाईटचा बॅटल पास गाजला. साडेनऊ डॉलरच्या आसपास एकदा भरा आणि मग रोज खेळून एकेक वस्तू मिळवा. जुगार नाही, किंमत उघड आहे, म्हणून पेटीपेक्षा हा बरा. पण पैसे भरलेत म्हणून रोज खेळायला बसायचं, ही टोचणी त्यात आलीच. याच फोर्टनाईटच्या एपिक कंपनीला डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत 52 कोटी डॉलर मोजायचं कबूल करावं लागलं. त्यातले 24.5 कोटी डॉलर हे ग्राहकांच्या परताव्यासाठी होते, कारण बटणांची रचनाच अशी होती की चुकून दाबलं तरी खरेदी व्हावी आणि पोरांना आईबापाला न विचारता घेता यावं. उरलेला दंड मुलांची माहिती गोळा केल्याबद्दलचा.

*आपल्या गावापर्यंत*

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं आणि एकदम आलं. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी यूपीआय आलं. मार्च 2018 मध्ये पबजी मोबाईल आला. पुणे-नगर रोडवरच्या आपल्या सुप्यात एमआयडीसीमुळे बाहेरगावची पोरं खोल्या करून राहतात, शिफ्ट सुटली की चौघे चार फोन घेऊन बसणार. कॉलेजची पोरं तीच, शाळेतलीही तीच. ज्यांच्या घरात कधी कॉम्प्युटर आला नाही, त्यांच्यासाठी हा आयुष्यातला पहिला व्हिडिओ गेम होता.

मग ओरड सुरू झाली. 2019 च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयात एका 11 वर्षांच्या मुलाने आईमार्फत पबजीवर बंदीसाठी जनहित याचिका केली. त्याच वर्षी मार्चमध्ये गुजरातेत राजकोटला गेम खेळले म्हणून पोरांना अटक झाली. शेवटी बंदी आली, पण कारण वेगळंच होतं. चीनशी सीमेवर तणाव वाढला आणि 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आलेल्या 118 ॲपमध्ये पबजी मोबाईलही गेला. 30 ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले.

त्या दिवशी अनेक पोरांना एक गोष्ट पहिल्यांदा कळली. पैसे देऊन घेतलेली स्किन आपली नसते. बैलाची झूल पुढच्या पोळ्यापर्यंत पेटीत राहते. ही झूल सर्व्हरसोबत जाते.

2 जुलै 2021 ला दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने बीजीएमआय नावाने तोच खेळ भारतासाठी आणला. जुनी खाती वळवून घ्यायची सोय काही महिने दिली, म्हणून बऱ्याच जणांचा माल वाचला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास खेळ आणि सात हजार रुपयांपर्यंत खर्च, अशी मर्यादा जाहीर केली. दिवसाला सात हजार! शाळकरी पोराच्या खर्चाची ही मर्यादा कुणाच्या घरचा हिशेब बघून ठरवली असेल? आपल्याकडे महिन्याचा किराणा तेवढ्यात भरणारी घरं आहेत.

फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर बंदी आली, पण फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. जुलै 2022 मध्ये बीजीएमआय दहा कोटी नोंदणीचा आकडा सांगत होता आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला तोही प्ले स्टोअरवरून गायब झाला. मे 2023 मध्ये परत आला. बंदी येते, जाते. पोरं व्हीपीएन शोधतात, दुसरा गेम धरतात.

*पुण्यातली पोरं काय करतायत*

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये इंडस नावाचा बॅटल रॉयाल गेम आणला. त्यातली पात्रं, पोशाख भारतीय कल्पनेतले, एका पात्राचं नावच सर-ताज. पुण्याच्याच डॉट9 ने फौजी डॉमिनेशन बनवला, तो जानेवारी 2025 च्या अखेरीला मुंबईच्या नझाराने आणला. रिअल क्रिकेट बनवणारी नॉटिलस मोबाईलही पुण्याचीच. तिच्यात मार्च 2025 मध्ये क्राफ्टनने सुमारे 118 कोटी रुपये घालून मोठा हिस्सा घेतला.

हे गेम उतरवून घ्यायला फुकट. म्हणजे तिथल्या चित्रकारांचे, प्रोग्रॅमरचे पगार याच झुलींवर निघायला हवेत. आणि हिशेब बघा. पोराने शंभर रुपये भरले तर 18 टक्के दराने जीएसटी गेला, उरले साधारण 85. त्यातला 15 ते 30 टक्के वाटा प्ले स्टोअर किंवा ॲपलचा. गेम बनवणाऱ्याच्या हातात पडतात साठ ते बाहत्तर रुपये. कांद्याच्या पट्टीची आठवण झाली ना? पिकवणारा वेगळा, आडत घेणारा वेगळा.

म्हणून सरसकट 'बंद करा' म्हणणाऱ्यांना मी विचारतो, पैठणीच्या काठाची, नऊवारीची, कोल्हापुरी फेट्याची स्किन आपल्या पोरांनी डिझाईन केली आणि जगाला विकली तर वाईट काय? टीम फोर्ट्रेसमध्ये टोप्या करणाऱ्यांना वाटा मिळाला, तसा वाटा आपल्या पोरांना मिळायची वाट मोकळी हवी.

*कायदा आणि आपण*

जुलै 2025 मध्ये विधिमंडळात रमीवरून गदारोळ झाला, तो सगळ्यांना आठवत असेल. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्सना मान्यता. रमी-बिमीचा बंदोबस्त झाला, चांगलं झालं. पण स्किन घेणारा पोरगा पैसे जिंकायला बसलेला नसतो, त्यामुळे त्याचा प्रश्न बहुतांशी तसाच राहिला. पेटीत काय निघण्याची शक्यता किती, किंमत रुपयांत दाखवायची की नाण्यांत, शाळकरी पोराची मर्यादा किती, यावर ठोस नियम हवेत. नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध 13 प्रकारांची यादी काढली, त्यात खोटी घाई करायला लावणंही आहे. ती यादी गेमच्या दुकानांना कडक लावली तरी निम्मं काम होईल. आपल्या आमदार-खासदारांनी रस्ते-पाण्यासोबत कधीतरी हेही विचारावं.

तोवर घरात करण्यासारखं :

1. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोट लागेल असं करून ठेवा. यूपीआयचा पिन पोराला देऊ नका. 'तोच मला शिकवतो' म्हणून पिन त्याच्याकडे असलेली घरं कमी नाहीत.

2. न विचारता खरेदी झाली असेल तर 48 तासांच्या आत गुगल प्लेवर परताव्याची विनंती करा. ग्राहक हेल्पलाईन 1915. आणि 'स्वस्तात यूसी देतो' म्हणून कुणी लुबाडलं असेल तर तो सायबर गुन्हा आहे, लगेच 1930 ला फोन करा.

3. वर्षाला एक-दोनदा, वाढदिवसाला, दिवाळीला, ठरवून एखादी स्किन घेऊ द्यायला हरकत नाही. किंमत रुपयांत लिहून घ्या, थेट वस्तू घ्या. पेटी आणि चक्री मात्र नाही म्हणजे नाही.

4. सगळ्यात महत्त्वाचं, एकदा शेजारी बसून गेम बघा. पोराला विचारा, ही बंदूक एवढी का आवडली? तो तास आरडाओरडा करण्यापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

कोरियातल्या त्या क्विझक्विझपासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. माणसाला चारचौघांत उठून दिसायचं असतं आणि त्यासाठी तो खुशीने पैसे टाकतो. त्यावर सगळ्यांचा खेळ चालत असेल तर चालू द्या. पण पैसे टाकणारा मोठा असावा, किंमत उघडी असावी आणि नोट त्याच्या स्वतःच्या खिशातली असावी. एवढे तीन नियम जत्रेतल्या फडालाही लागू होते.

तुमच्या घरचा अनुभव काय? पोरांनीही लिहा, त्यांचीही बाजू ऐकायची आहे. पटलं तर शाळेच्या पालक ग्रुपवर पुढे पाठवा.

#सुपा #पारनेर #अहिल्यानगर #पालकांसाठी